वादळातली शांती: ख्रिस्ती श्रद्धेनं तुम्हांला नेमकं काय दिलं?

सीनाकाठ

सर्वांना नमस्कार आणि सलाम.

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की चर्चा लगेच धर्मांतरावर जाते आणि तिथेच रुतून बसते. तो वाद ज्यांना घालायचा आहे त्यांनी वेगळा धागा काढावा, ही कळकळीची विनंती. मला बोलायचं आहे ते संकटाच्या काळाबद्दल. घरातलं माणूस गेलं, आजारपण आलं, नोकरी गेली, पोरांचं काही बिनसलं, अशा वेळी येशूवरच्या विश्वासानं मनाला खरोखर काही मिळतं का? मिळत असेल तर ते कसं मिळतं?

मी नगरची. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात नगरच.) पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले, तेव्हापासून आमचं घर ख्रिस्ती. रविवारची उपासना, संडे स्कूल, नाताळात घरोघरी जाऊन गाणी, हे सगळं जन्मापासूनचं. त्यामुळे श्रद्धा आहे की नाही असा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ गेला. बेड मिळेपर्यंत रात्र सरली होती. दफनाला आम्ही मोजकीच माणसं, तीही एकमेकांपासून लांब उभी. पाळकसाहेब मास्कआडून वचन वाचत होते, ते आईपर्यंत पोचत नव्हतं. "काय म्हणाले?" असं ती दर ओळीला मला विचारत होती आणि मी तिला सांगत होते.

त्यानंतरचे महिने लोक येत राहिले, फोन करत राहिले. सगळ्यांचा हेतू चांगला होता. "देवाची इच्छा", "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात", "रडू नकोस, विश्वास ठेव". या वाक्यांनी मला शांती दिली नाही. उलट माझा संताप झाला, आणि संताप होतो म्हणजे आपला विश्वासच कच्चा, अशी वर आणखी टोचणी. प्रार्थनेला बसलं की शब्द येत नसत.

तेव्हा आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, एका वयस्कर बाईंनी मला एक साधी गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "तुला बोलता येत नाही ना, मग बायबलातली स्तोत्रसंहिता काढ आणि तेरावं स्तोत्र मोठ्यानं वाच. एवढंच कर." ते स्तोत्र अवघ्या सहा वचनांचं आहे. सुरुवातच तक्रारीनं होते: देवा, तू मला कुठवर विसरणार? तुझं तोंड माझ्यापासून कुठवर लपवणार? 'कुठवर' हा प्रश्न पहिल्या दोन वचनांत पुन्हा पुन्हा येतो. मी ते लहानपणी पाठ केलं होतं, पण आता पहिल्यांदा वाचल्यासारखं वाटलं. म्हणजे मला जे म्हणायचं होतं ते पवित्र शास्त्रात आधीच लिहिलेलं होतं, आणि लिहिणारा देवाला सोडून गेला नव्हता, देवासमोर उभं राहूनच विचारत होता.

मग मी शोधत गेले. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. आपण उपासनेत तेविसावं म्हणतो, शंभरावं म्हणतो, एकशे एकविसावं म्हणतो. ही बाकीची क्वचितच ऐकू येतात. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं मात्र वळतच नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना ते गाळता आलं असतं, पण त्यांनी ठेवलं. मला त्याचा केवढा आधार वाटला! ज्या दिवशी आशेचं एकही वाक्य तोंडातून निघणार नाही, त्या दिवसासाठीसुद्धा एक प्रार्थना आहे.

दुसरा आधार मिळाला पंडिता रमाबाईंचा. त्यांचं नाव आपण समाजसुधारक म्हणून घेतो, पण त्यांच्या वाट्याला आलेले मृत्यू एका ओळीत मांडले तर छाती दडपते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल, झालं, शांती मिळाली. पण पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनात, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! एवढी विद्वान बाई, मुंबईत आणि मग पुण्यात विधवांसाठी शारदा सदन चालवणारी, आतून मात्र अजून शोधतच होती. आणि शांती मिळाल्यावर त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी विधवा मुली घेऊन आल्या, केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं. त्यालाच आज आपण मुक्ती मिशन म्हणतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ख्रिस्तानं दिलेली शांती म्हणजे दुःख बंद होणं नव्हे, आणि रडू आवरणं तर मुळीच नव्हे. तो स्वतः आपला मित्र लाजर याच्या कबरेशी रडला. रडता रडता ज्याच्याजवळ बसता येतं असं कुणीतरी आहे, ही खात्री म्हणजे ती शांती. ती मला एका दिवसात मिळाली नाही. अजूनही रोज मिळतेच असं नाही.

तुमचे अनुभव लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा.

---

निर्मळवारा

सीनाकाठताई, मनापासून लिहिलंत. मी वसईचा, कुपारी समाजातला, म्हणजे कॅथलिक. तुमच्याकडे शब्द येत नव्हते तेव्हा स्तोत्रं कामी आली. आमच्याकडे तेच काम रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, करते.

वडील गेले तेव्हा पुढचे दिवस संध्याकाळी शेजारपाजारचे घरात जमायचे आणि रोझरी व्हायची. अर्धे म्हणतात, अर्धे उत्तर देतात. मला त्यात काही समजून घ्यायची, विचार करायची ताकद नव्हती. माळेचे मणी बोटांतून सरकत होते, ओठ आपोआप हलत होते आणि आजूबाजूला वीस-पंचवीस माणसांचा आवाज होता. माझा आवाज बंद पडला की त्यांचा चालू असायचा. लोकांना वाटतं तेच तेच पुन्हा म्हणण्यात काय अर्थ. ज्याचं घर नुकतंच रिकामं झालंय त्याला विचारा.

शिवाय आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना असते, तुमच्या मंडळीत बहुधा नसते. २ नोव्हेंबरला सगळं गाव दफनभूमीत असतं. कबरी धुतात, फुलं, मेणबत्त्या, फादर पाणी शिंपडत फिरतात. आईला त्या दिवशी मी वर्षातली सगळ्यात शांत बघतो. तिला बाबांसाठी अजून काहीतरी करता येतं, हे तिला फार मोठं वाटतं.

आणखी एक. शांती म्हणजे जगाकडे पाठ फिरवणं नाही, हे तुमचं रमाबाईंबद्दलचं वाक्य वाचून मला आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवले. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष (२०२०) म्हणून महाराष्ट्राला ते ठाऊक आहेत. आम्ही त्यांना वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी, पाण्यासाठी, गुंडगिरीविरुद्ध रस्त्यावर उतरलेले पाहिलंय. त्या काळात इथे तोंड उघडायलाही लोक घाबरायचे. २०२४ च्या जुलैत ते गेले, तेव्हा अंत्यदर्शनाला सगळ्या धर्मांचे लोक होते.

---

शंकेखोर

धागा आवडला. मी नास्तिक आहे, पण इथे कुणाला दुखवायचं नाही. प्रामाणिक प्रश्न आहेत.

पहिला: माणसं जमली, एका लयीत काहीतरी म्हटलं, मन शांत झालं. हे भजनात होतं, विपश्यनेत होतं, कुणाला ट्रेकला जाऊन होतं. मग यात ख्रिस्ताचं काय?

दुसरा प्रश्न अवघड आहे आणि उत्तर नाही दिलंत तरी चालेल. तुमच्या भावाला बेड मिळाला नाही त्या रात्री तो देव कुठे होता?

---

सीनाकाठ

शंकेखोर, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसरा तर मी स्वतः किती रात्री विचारलाय.

आधी दुसऱ्याचंच बोलते. उत्तर माझ्याकडे नाही. आणि मला आता वाटतं की ज्यांच्याकडे तयार उत्तर असतं त्यांच्यापासून दुःखी माणसानं जरा जपूनच राहावं. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचलं असेल तर आठवेल. पोरं गेली, गुरं गेली, अंगभर गळवं उठली. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. पुस्तकभर त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. मग ते बोलायला लागले. तुझं पाप असेल, देव न्यायी आहे, पश्चात्ताप कर. पानंच्या पानं. ईयोब मात्र देवाशी भांडत राहिला. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो कुणावर? त्या समजावणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं म्हणतो. देव कुठे होता, हे ईयोबाला शेवटपर्यंत कुणी समजावून सांगत नाही. पण त्याची तक्रार ऐकली गेली एवढं त्याला कळतं.

पहिल्याबद्दल: भजनानं, ध्यानानं मन शांत होतं हे मी नाकारतच नाही. मला ज्याचा आधार वाटतो तो क्रुसावरचा ख्रिस्त आहे. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे आणि मरताना येशूच्या तोंडी तेच आहे. माझ्या भावाची शेवटची रात्र कशी गेली असेल हा विचार मला सोडत नव्हता. श्वासासाठी धडपडत, जवळ आपलं कुणी नाही. क्रुसावरचं मरणही तसंच असतं, श्वास कोंडतो असं म्हणतात. माझा देव त्या जागी स्वतः जाऊन आलाय, असं मी मानते. तुम्हांला हे पटावं असा आग्रह नाही. पण "यात ख्रिस्ताचं काय" याचं माझं उत्तर हेच.

---

शंकेखोर

पटलं नाही, पण कळलं. ईयोबाच्या मित्रांचं ठाऊक नव्हतं. धन्यवाद, वाचतो.

---

रात्रपाळी

मी नर्स. शिक्षण मिरजेला मिशन हॉस्पिटलात झालं, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते. आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. मोठं काही लिहिता येणार नाही, जे पाहिलं ते सांगते.

२०२० आणि २१ मध्ये माझी ड्यूटी कोविड वॉर्डात होती. किट घातलं की सहा-आठ तास पाणी नाही, बाथरूम नाही. चष्म्यावर वाफ धरायची, नस सापडायची नाही, बोटांनी चाचपून सुई लावायची. भीती मला स्वतःची कमी आणि घरी लेक होती तिची जास्त. देवळात, चर्चमध्ये जाणं बंद. मी प्रार्थना करायची ती हात धुताना. हात धुवायला वीस सेकंद लागतात. तेवढ्यात प्रभूची प्रार्थना निम्मी होते, उरलेली पुढच्या वेळी. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." मी त्यात आजची शिफ्ट मागायची. फक्त आजची. उद्याचं मागायचं नाही असं ठरवलं होतं, कारण उद्याचा विचार आला की हात थरथरायचे.

पेशंटच्या कानाशी मी आपणहून कधीच येशूचं नाव घेतलं नाही. आजारी माणूस असहाय असतो, त्याच्यावर आपलं काही लादायचं नसतं. एका आजोबांनी विठ्ठलाचं नाव घ्यायला सांगितलं, ते घेतलं. त्यांनी माझा हातमोजा घट्ट धरून ठेवला होता. मला त्या वेळी माझा प्रभू तिथेच वाटला.

शांती म्हणाल तर ती मला काम संपल्यावर नाही मिळाली. कामातच मिळत गेली, थोडी थोडी. घरी आल्यावर मात्र रडू यायचं, ते अजूनही कधीतरी येतं.

सीनाकाठताई, तुमचा भाऊ ज्या वॉर्डात असेल तिथेही माझ्यासारखी कुणीतरी असणार. तो अगदी एकटा नसेल.

---

सीनाकाठ

रात्रपाळी, तुमचं शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. देव तुमचं भलं करो.

---

कडूऔषध

एक गोष्ट या धाग्यावर स्पष्ट लिहिली जावी असं वाटतं, कारण शांतीच्या शोधात असलेले लोक हे वाचतील.

माझ्या मावसबहिणीला फिट्सचा त्रास. गोळ्यांवर व्यवस्थित होती. एका चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेत, तिला सांगितलं गेलं, गोळ्या घेतेस म्हणजे तुझा देवावर भरवसा नाही. तिनं गोळ्या बंद केल्या. काही आठवड्यांत चुलीपाशी असताना फिट आली, हात भाजला. आणि सभेतल्या माणसानं नंतर काय सांगावं, तर विश्वास कमी पडला! म्हणजे बरी झाली तर श्रेय त्यांचं, आणि भाजली तर दोष तिचा. आजाराचं दुःख होतंच, वर अपराधीपणाचं ओझं.

मी स्वतः विश्वासणारी आहे, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करते, देव बरं करतो हेही मानते. पण शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगतो, नुसती प्रार्थना कर असं म्हणत नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे, औषध फेकून द्या असं कुठेही नाही. जो कुणी गोळ्या बंद करायला सांगेल, मग तो कितीही मोठ्या स्टेजवर असो, त्याचं ऐकू नका.

मनाच्या आजारालाही हेच. नैराश्य हा आजार आहे. प्रार्थना करा, आणि डॉक्टरकडेही जा. सरकारची टेलिमानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं.

---

निर्मळवारा

+१. शंभर वेळा +१.

---

मौनातला

मी पुण्यात असतो, आयटीत. २०२३ मध्ये कंपनीनं माणसं कमी केली त्यात माझंही नाव होतं. गृहकर्ज, दोन मुलं. रात्री तीनला जाग यायची आणि डोक्यात हिशेब सुरू व्हायचे. आमच्या फादरांनी मला एका मौन साधनेला पाठवलं. संत इग्नाशियसनी घालून दिलेली पद्धत. मूळ तीस दिवसांची असते, मी आठ दिवसांची केली. फोन बंद, बोलणं नाही, दिवसातून एकदा मार्गदर्शकाशी भेट.

इग्नाशियस मूळचे सैनिक. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्यांचा पाय मोडला, महिनोन् महिने अंथरुणात गेले, तिथे त्यांचं आयुष्य पालटलं. पण मला जवळचं वाटलं ते त्यानंतरचं. मानरेसा गावी राहत असताना त्यांना इतका भयंकर काळ आला की जीव द्यावा असं वाटू लागलं. म्हणजे परिवर्तन झाल्यानंतर! त्यातून बाहेर पडून त्यांनी जे नियम लिहिले त्यातला एक मी कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवला होता: मनाच्या कोरड्या, काळोख्या काळात कोणताही मोठा निर्णय बदलू नका. आधी शांत असताना जे ठरवलं होतं त्यालाच धरून राहा.

याचा व्यवहारात मला किती उपयोग झाला सांगतो. मी त्या घाबरलेल्या अवस्थेत घर विकायला निघालो होतो, मिळेल त्या भावाला. मार्गदर्शक फादर म्हणाले, घर विकायचं की नाही ते मी सांगणार नाही, पण आज ठरवू नका. थांबलो. नोकरी मिळायला वेळ लागला, पगार आधीपेक्षा कमी, पण घर आहे.

दुसरी सवय रात्रीच्या उजळणीची. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. आधी दिवसातल्या गोष्टींचे आभार. मग दिवस सकाळपासून डोळ्यांपुढून न्यायचा आणि पाहायचं, कुठे मन मोकळं झालं, कुठे आवळलं. त्यावर देवाशी बोलायचं, क्षमा मागायची असेल ती मागायची, उद्यासाठी मदत मागायची. पहिले काही आठवडे मला काहीच जाणवलं नाही. मग लक्षात आलं की सकाळी उठल्या उठल्या बातम्या आणि नोकऱ्यांची ॲप्स उघडली की दिवसभर मन आवळलेलं असतं. तेवढं बंद केलं. रात्री तीनची जाग अजून येते, पण हिशेबाऐवजी एखादं वचन धरून पडून राहतो, पुष्कळदा परत झोप लागते.

---

टाळकरी

छान चाललाय धागा. नगरकडचं बोलणं निघालंच आहे तर आमच्या भजनांबद्दल लिहितो.

श्रीरामपूर, राहुरी, नेवासे पट्ट्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांवर कुणी गेलं की रात्री भजन असतं. टाळ, ढोलकी, पेटी. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या रचना हमखास. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांना पक्कं ठाऊक होतं की मराठी माणसाचं मन अभंगाच्या चालीवर उघडतं. साहेबी चालीवरची भाषांतरित गीतं आम्हीही म्हणतो, चर्चमध्ये ऑर्गनवर ती शोभतात. पण मयताच्या घरी रात्र काढायची असते तेव्हा अभंगच लागतो. परंपरा टिळकांच्याही आधीची आहे. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. हा मूळचा इंग्रज माणूस, पण नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या ओळखीच्या छंदात काहीतरी म्हणायला हवंय, हे त्यानं ओळखलं.

लक्ष्मीबाई टिळकांनाही विसरू नका. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली, त्या पंढरपुरात नातेवाइकांकडे होत्या. कुणाच्या सांगण्यावरून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या मनाशी झगडत, सोवळं-ओवळं एकेक करून सोडत, आपल्या वेळेनं आल्या. टिळक १९१९ मध्ये गेले, येशूच्या जीवनावरचं त्यांचं ख्रिस्तायन अपुरं राहिलं होतं. शाळेत कधी न गेलेल्या या बाईनं नवऱ्याचं ते काव्य पुढे लिहून नेलं. दुःखात हाताला काम असणं ही देवाची केवढी कृपा असते! रमाबाईंचंही तसंच. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, एकुलती एक लेक. रमाबाई स्वतः थकलेल्या, आजारी. तरी हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. ते पुरं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. मुक्तीतल्याच बायकांनी ते छापलं.

---

बुधवारवाली

मी हिंदू, डोंबिवलीची. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला (सलग नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला) जायला लागले, मुलाच्या आजारपणात. १९४८ पासून हा नोव्हेना चालू आहे असं तिथे कळलं. रांगेत निम्म्याहून जास्त माझ्यासारखेच, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. घर, हात, पाय, बाळ, असल्या आकारांच्या मेणाच्या वस्तू वाहतात. मी बाळ वाहिलं. मला तिथे कुणी नाव विचारलं नाही की धर्म विचारला नाही. मागच्या बाकावर बसून मनसोक्त रडता आलं, घरी सासूबाईंसमोर ते जमत नव्हतं. मुलाचं ऑपरेशन झालं, आता बरा आहे. मी अजूनही जाते. गणपतीही बसतो आमच्याकडे.

प्रश्न असा, की आम्ही असं येणं तुम्हा लोकांना खटकतं का?

---

टाळकरी

ताई, अजिबात नाही. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला या एकदा, श्रीरामपूरजवळ. दूरदूरच्या गावांहून लोक चालत येतात, त्यात सगळ्या जातीधर्मांचे असतात.

---

अबोली

पहिल्यांदाच लिहितेय. नाव-गाव नको. मी ख्रिस्ती घरातली, पण गेली काही वर्षं चर्च सोडलंय. घटस्फोट झाला तेव्हा मंडळीतल्या काहींनी जे बोलायचं ते बोलले, ते अजून सलतं. आता तब्येतीचं काहीतरी निघालंय, तपासण्या चालू आहेत. रात्र सरत नाही. प्रार्थना करावीशी वाटते आणि मग वाटतं, आपला तर विश्वासच उरला नाही, मग कुठल्या तोंडानं? आणि सुरुवात तरी कुठून करू? विश्वास नसताना केलेली प्रार्थना ढोंग होत नाही का?

---

सीनाकाठ

अबोली, बरं झालं लिहिलंस. 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

मंडळीतल्या माणसांनी दिलेली जखम खोल जाते, कारण आपण तिथे ढाल खाली ठेवून गेलेलो असतो. तुला जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. योहानाच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी बाईचे पाच नवरे झाले होते आणि सहावा तिचा नव्हता. गाव तिला टाळत असेल, म्हणून ऐन दुपारी एकटी विहिरीवर आली असावी. येशूनं तिच्याशी बोलणं काढलं ते पाणी मागून. तिनं गावात जाऊन सांगितलं आणि तिच्या सांगण्यावरून लोक त्याच्याकडे आले.

ढोंगाचं म्हणशील तर मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे. त्याच्या पोराला झटके येतात, आगीत पडतो, पाण्यात पडतो. शिष्यांना काही करता आलेलं नाही. तो येशूला म्हणतो, तुला काही करता येत असेल तर कर. 'येत असेल तर'! आणि मग ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. दोन्ही एकाच वाक्यात. येशूनं त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं सांगून परत पाठवलं नाही. पोराला बरं केलं. तेव्हा तुझ्याजवळ जेवढा आहे तेवढा पुरे, आणि नसला तर 'नाही' एवढं सांगणं हीसुद्धा प्रार्थनाच.

सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून कर, मोठ्यानं वाच. मग बेचाळीस. सगळं एकदम वाचू नकोस. चर्चला आज जायला हवंच असं नाही. पण एखादं माणूस शोध, ज्याच्यापुढे रडता येईल. तपासण्यांना एकटी जाऊ नकोस. रिपोर्ट हातात येण्याच्या दिवशी तर नक्कीच नको.

---

कडूऔषध

अबोली, पुण्या-मुंबईत असलीस तर मी किंवा धाग्यावरचं कुणीतरी बरोबर येईल. मनापासून सांगतेय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

---

मौनातला

आज रात्रीच्या उजळणीत तुमचं नाव घेतो, अबोली. खरं नाव ठाऊक नसलं तरी चालतं.

---

अबोली

तेरावं वाचलं. दोनदा. काय वाटलं ते आत्ता सांगता येत नाहीये. कडूऔषध, व्यनि केलाय. गुरुवारी स्कॅन आहे.

---

रात्रपाळी

अबोली, स्कॅनच्या आधी उपाशी राहायला सांगितलंय का ते विचारून घे, आणि आधीचे सगळे रिपोर्ट एका फाइलीत घेऊन जा. अंगावर धातूचं काही नको, क्रूस असेल तर तोही काढून कडूऔषधताईंकडे दे. या आठवडाभर माझी रात्रपाळी आहे. दोन ते चार जरा निवांत असतं, जाग आली तर मेसेज टाक, मी बघते.